कुडाच्या मागची पावरी

प्रिय यामिनी,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले. चार वेळा उत्तर टाईप केलं आणि चार वेळा पुसलं. एवढा राग त्या छोट्या डब्यात मावत नाही. म्हणून नववीची वही काढली, मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते. अक्षर हसण्यासारखं आहे. शाळा सोडून दोन वर्षं झाली, पेन धरलं की बोटं दुखतात. नवनीतभाऊ नवापूरहून कोंबड्यांचा टेम्पो घेऊन नंदुरबारला जातो, त्याच्या हाती पाठवते. पाकिटाला वास आला तर नाक मुरडू नको.

पहिले चांगलं बोलते, नाहीतर म्हणशील ही भांडायलाच बसली. तुझ्या पप्पांना, आमच्या हेमकांतकाकांना, दिल्लीचा सन्मान मिळाला याचा आम्हाला आनंद झाला. खोटं नाही. कलाकारांना आणि कलेला आधार देणाऱ्यांना देशाचं सरकार जो सन्मान देतं, तो आपल्या ओळखीच्या माणसाला मिळाला म्हणून आईनं शेजारी गूळ वाटला. तुझ्या पप्पांनी कोरीटच्या शेतातली मिरची आणि पपई गड्यांवर सोडून चार वर्षं आमच्या पाड्यांवर चकरा मारल्या. आज्याला टीबी झाला तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात त्यांनीच गाडीतून नेलं. सहा महिने विचारपूस केली. ते मी विसरले तर मला पाप लागेल. पण त्यांनी ते केलं म्हणून पुढचं सगळं चालवून घ्यायचं, असं कुठे ठरलं होतं?

पुढच्या रविवारी आज्याला न्यायला गाडी येणार. दिल्लीत काका सन्मान घेणार आणि माझा आजा बाजूला बसून पाच मिनिटं पावरी वाजवणार. हे काकांनी ठरवलं आणि मग आम्हाला कळवलं. डॉक्टरांनी आज्याला फुंकायला बंदी केली आहे, हे ते विसरले. तू विसरली नाहीस, ते बरं. पण मग तू काय लिहिलंस? 'आजोबांना फुंकायचं टेन्शन नाही, मी पप्पांशी बोलून सेटिंग केली आहे. त्यांनी फक्त पावरी तोंडाला लावून बोटं हलवायची, मागून आपलं रेकॉर्डिंग लागेल, कोणाला कळणार नाही.' आणि खाली तीन हसरे चेहरे. आपलं रेकॉर्डिंग! यामिनी, हे लिहिताना तुझा अंगठा जरा पण थांबला नाही का?

मागच्या बाजाराला मी आणि आजा खांडबाऱ्याला गेलो होतो. स्टेशनच्या रस्त्यावर मोठा फ्लेक्स लागला आहे, तू पाहिला असशील. मधोमध फेटा बांधलेले काका, दोन्ही बाजूला गोल गोल फोटोतली माणसं, ती कोण आहेत ते त्यांनाच माहीत. खाली कोपऱ्यात माझा आजा. दोरी ओवायला भोक पाडलं ते नेमकं आज्याच्या गळ्यात. आणि त्याच्याखाली लिहिलं आहे, 'लोप पावणाऱ्या पावरीचा अखेरचा वादक'. आज्याला वाचता येत नाही. त्यानं विचारलं काय लिहिलंय, मी वाचून दाखवलं. चहावाला चुडामण ऐकत होता. तो मोठ्यानं ओरडला, "काय उखाबाबा, तू शेवटना शे म्हने! मंग तुन्हा मांगे कोन वाजाडी?" सगळे हसले. आजा पण हसला. मला तिथेच काहीतरी बोलायचं होतं, पण तुला माहीत आहे ना, चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते. मी कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालून उभी राहिले. घरी येईपर्यंत कान गरम होते.

घरी आजीनं ऐकलं तर ती आमच्या बोलीत जे बोलली ते वहीत लिहिता येत नाही. जेवढं लिहिता येतं तेवढं असं, की माणूस माझ्यासमोर बसून भाकर खातोय आणि हे त्याला अखेरचा म्हणतात, मग त्या गाडीतून तिरडी पण आणणार आहेत का ते विचार! आई म्हणाली, असू दे, मोठ्या लोकांचं छापायचं असं असतं. असं का असतं? तिकडे गुजरातेत डांगात आज्याचा मावसभाऊ आहे, तो अजून वाजवतो. काकांना त्याचं नाव आज्यानंच सांगितलं होतं. आणि मी वाजवते, हे पण काकांना माहीत आहे. एकदा मी अंगणात नवीन पावरी फुंकून बघत होते तेव्हा ते अचानक आले. "अरे वा, पोरगी पण फुंकते!" म्हणाले, फोटो काढला. काकांनी पावरीवर जे पुस्तक काढलं त्यात तो फोटो नाही. आज्यानं विचारलं तर काका त्याला समजावत होते, मी चुलीजवळून ऐकलं. म्हणाले, "बाबा, दिल्लीच्या समितीपुढे दोन नावं ठेवली की जोर जातो. एकच माणूस पाहिजे. शेवटचा." म्हणजे मी आहे हे माहीत असून मला काढून टाकलं. चुकून राहिले असते तर मी एवढी तापले नसते.

आणि सन्मानाच्या पत्रिकेत काकांच्या नावापुढे तो शब्द आहे, 'आश्रयदाते'. मला अर्थ येत नव्हता. आश्रमशाळेचे राजेंद्र सर बाजारात भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ज्यानं आसरा दिला, डोक्यावर छप्पर धरलं तो. मी घरी येऊन आमच्या छपराकडे बघत बसले. दरवर्षी ऊसतोडीला गुजरातला जायच्या आधी आई-बाबा कौलं बदलतात. त्या छपरावर दुधीचा वेल मी चढवते. कोवळ्या दुधीला दोरीनं दगड बांधते म्हणजे मान सरळ वाढते. एका वेलावरच्या बारा दुधींतली एखादीच पावरीला चालते, ती वर्षभर धुरावर वाळवते. बांबूच्या नळ्या आजा कोरतो, मेण मी लावते, पुढचं ताडाच्या पानाचं तोंड आता मीच वळते, कारण आज्याचे हात कापतात. काकांच्या कोरीटच्या संग्रहात काचेमागे सहा पावऱ्या आहेत. त्यातल्या चार माझ्या छपरावरच्या आहेत. मग कोणी कोणाला आसरा दिला?

मी शिकले कशी ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आजा गोकुळला शिकवत होता, माझ्या चुलतभावाला. पावरीत श्वास तोडायचा नसतो. गालात हवा धरायची, ती सोडता सोडता नाकानं दुसरी घ्यायची. त्यासाठी तांब्याभर पाण्यात बारीक नळी घालून फुंकायची आणि बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत. गोकुळचे बुडबुडे तुटायचे आणि तो चिडून तांब्या लाथेनं उडवायचा. मी भांडी घासताना तोच तांब्या घेऊन बसायची. एक दिवस आज्यानं बघितलं. तो मोजत राहिला. बुडबुडे तुटले तेव्हा म्हणाला, "गोकुळला सुरतेला कामाला जाऊ दे." आमच्या गावात पोरीनं पावरीला तोंड लावलेलं कोणी बघितलं नाही. गावच्या देवाचं करणाऱ्या भगताला आवडलं नसतं. म्हणून आम्ही दोघं नाल्याच्या पलीकडे जाऊन वाजवायचो. कोणी विचारलं तर आजा सांगायचा, मीच वाजवत होतो. मला पण तेच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं आणि तरी आवाज सगळ्या डोंगरात जायचा. आई-बाबा उसाला गेले, आज्याला टीबी निघाला, त्याच्याजवळ कोणी पाहिजे म्हणून मी शाळा सोडली. लोकांना वाईट वाटलं. मला तेवढं नाही वाटलं.

आता तो रेकॉर्डिंगचा दिवस. तुला आठवतो, मला माहीत आहे. पुण्याची दोन माणसं मशीन घेऊन आली होती, काकांनी नवा सदरा घातला होता आणि तू जांभळ्या ड्रेसमध्ये वायर धरून उभी होतीस. आज्याच्या गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या. त्यानं फोटोपुरती फुंकली आणि एवढा खोकला आला की डोळे पांढरे झाले. पाणी प्याला. मग काकांना म्हणाला, "पावरी तोंडासमोर बसून ऐकायची वस्तू नाही. तुम्ही अंगणात बसा, मी कुडाच्या मागे बसतो." त्या मशीनवाल्यांना ते फारच आवडलं. नैसर्गिक, नैसर्गिक, असं म्हणत त्यांनी माईक कुडाला टेकवला. आजा आत आला. मी तिथे तांदूळ पाखडत होते. त्यानं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि पावरी ठेवली. मी मान हलवून नाही म्हणाले. तर हळू आवाजात म्हणाला, "पोरीची म्हटल्यावर ते घेणार नाहीत, आणि माझ्यात आता हवा नाही. आपली वाजणं, या सगळ्या जुन्या चाली, राहिल्या पाहिजेत ना?" मी अठ्ठावीस मिनिटं वाजवली, यामिनी. आजा समोर बसून बोटांनी जमिनीवर ठेका धरत होता. तू पाणी प्यायला मागच्या दारानं आलीस आणि उंबऱ्यातच थांबलीस. आज्यानं ओठावर बोट ठेवलं. तू पण ठेवलंस. त्या दिवशी मला तू सख्ख्या बहिणीसारखी वाटलीस. मला वाटलं, आपल्या तिघांचं हे एक गुपित आहे. ते पुढे तुमच्या घरच्या सोयीचं होईल असं मला कुठे माहीत होतं! त्याच अठ्ठावीस मिनिटांवर पुस्तक आलं, त्याची सीडी दिल्लीला गेली, समितीतल्या कोणाच्या म्हणे डोळ्यात पाणी आलं. आणि तीच आता मागून लावणार, आजा पुढे बसून गाल फुगवणार, आणि तू त्याला 'आपलं' म्हणतेस.

वाईट याचं वाटतं की आजा तयार झाला होता. त्याला विमानात बसायचं आहे. गावात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. मी रागावले तर म्हणाला, "नुसती धरायची आहे, त्यात काय बिघडलं? तुझाच श्वास आहे, परक्याचा थोडाच आहे?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. परवा सकाळी त्यानं मला बोलावलं आणि तूच पाठवलेलं रेकॉर्डिंग फोनवर लावायला सांगितलं, सराव करायचा म्हणून. अंगणात खाटेवर बसला, पावरी तोंडाला लावली, बोटं भोकांवर ठेवली. पहिलं वाजणं लागलं. दोन-तीन वळणं बरोबर गेली आणि मग त्याची बोटं एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. परत तेच. तो जिथे बोट उचलतो तिथे मी अजून दाबून ठेवते, शेवटाला तो खाली उतरतो आणि मी वर जाऊन मग उतरते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. पाच वेळा लावलं. पाचव्यांदा त्यानं पावरी मांडीवर ठेवली आणि मला फोन बंद करायला सांगितलं. आई सासऱ्याला मामा म्हणते. ती म्हणाली, "मामा, दिल्लीत कोणाला कळणार आहे?" आजा म्हणाला, "मला कळतंय ना. हे माझं वाजणं नाही. ही पोर माझ्यासारखी वाजवतच नाही." आणि एवढं बोलून असा हसला की मी त्याला टीबीच्या आधीपासून तसं हसताना बघितलं नव्हतं. संध्याकाळी काठी घेऊन तो स्वतः भगताकडे गेला आणि कुडामागचं सगळं सांगून आला. भगत खूप बोलला. आज्यानं ऐकून घेतलं. परत आला तेव्हा भगताचा निरोप आणला, की पोरीनं वाजवलंच असेल तर गावासमोर वाजवून दाखवावं, चोरून नाही.

म्हणून काल मी वाजवलं. पाराजवळ, सगळ्यांसमोर. बसून वाजवलं, आणि डोळे मिटूनच ठेवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात वाजवत पण नाहीत. पण कोणी उठून गेलं नाही.

यामिनी, काकांना हे सांगायला आज्यानं मला फोन लावून दिला होता. काका 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिले आणि शेवटी मी फोन कापला. मग आज्यानं त्यांना सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "बाबा, नातीच्या मायेपोटी असं बोलू नका, सन्मानाच्या तोंडावर असले घोळ नको." त्यांना वाटतं आजा मला पुढे करायला खोटं बोलतोय. सन्मान त्यांनी घ्यावा, खुशाल घ्यावा. पण मागे जो श्वास ऐकू येणार तो कोणाचा आहे ते त्याच मंचावरून सांगायचं, आणि 'अखेरचा' हा शब्द सगळीकडून काढायचा, एवढं आज्याचं म्हणणं आहे. तसं झालं तर आम्ही दोघं येऊ आणि मी खरंखुरं वाजवीन, उलटी झाली तरी चालेल. नाही झालं तर आजा विमान सोडायला तयार आहे. आता काकांना पटवू शकेल असं एकच माणूस आहे. आमच्या घरच्यांखेरीज त्या दिवशी उंबऱ्यात कोणी उभं होतं तर ती तू. त्यासाठी हे पत्र लिहिलं. ओठावरचं बोट आता काढ आणि पप्पांना सांग, मी बघितलं होतं.

तुझीच, पण हे 'तुझीच' तुझं उत्तर येईपर्यंतच धरायचं,
रमिला