चरबीची गाठ

प्रिय डॉक्टरसाहेब,

मंगळवार, अकरा मार्च, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. तुझ्या दवाखान्यातल्या स्टीलच्या टेबलापाशी, पिंगीच्या पाठीवर हात ठेवून, तू सख्ख्या आईशी धडधडीत खोटं बोललास. वेळ अचूक ठाऊक आहे, कारण तू माझी नजर चुकवत होतास आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. म्हणे, आई, चरबीची गाठ आहे गं, म्हाताऱ्या कुत्र्यांना होतातच. वर एक बिस्किट दिलंस. पिंगीला नव्हे, मला.

अरे, बत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या लॅबमध्ये गाठींचे पातळ काप काढले, रंगवले, काचेवर चढवले. मला चरबी शिकवतोस? गाठ तिच्या पुढच्या आचळात, मग काखेतले केस का भादरलेस? सुटलेल्या पेशी आधी काखेतल्या ग्रंथीत तळ ठोकतात आणि तिथून फुफ्फुस गाठतात, म्हणून तिथे सुई घातलीस. बाई असो की कुत्री, वाट तीच. आणि छातीचे एक्स-रे तीन! डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, मग उताणी. खाली दबलेल्या फुफ्फुसातले ठिपके लपतात, म्हणून कूस बदलून काढतात. चरबीच्या गाठीसाठी एवढी कवायत कोण करतं रे? काढून झाल्यावर स्क्रीन भिंतीकडे वळवलास. तुझी नर्स तर मला काकू काकू करत थेट दारापर्यंत पोचवायला आली. एरवी ती खुर्चीवरून हलत नाही.

पिंगीची खबर अशी, की काल ती दुसऱ्या पायरीवर थांबली, काहीतरी विसरल्यासारखी. खोकली. मग वर येऊन माझी नवी चप्पल चावून ठेवली. म्हणजे अजून शुद्धीवर आहे. मीही आहे. तिला काय होतंय ते आम्हा दोघींना कळलं पाहिजे. तिला सांगता येत नाही, निदान मला सांग. उरलेले दिवस कसे घालवायचे ते मी ठरवीन, तू नाही.

इथपर्यंत एका दमात लिहिलं. पण आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रागाचं पत्र दोनदा वाचायला लावत. दुसऱ्यांदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं. हे खोटं तुझं नाही. माझ्याकडूनच उचललं आहेस.

तू अकरा वर्षांचा होतास. बाबांच्या गाठीची काच मी स्वतः रंगवली होती, डॉक्टरांच्या आधी मीच बघितली. तू स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, बाबांना काय झालंय? मी तुझ्या बुटांना पॉलिश करत होते. साधी सूज आहे रे, म्हटलं, खुशाल जा कॅम्पला. तुझ्याकडे नाही, बुटाकडे बघत म्हटलं. आठव्या दिवशी तू उन्हाने रापून आलास, त्यांच्यासाठी लाकडाची शिट्टी कोरून. ऐकायला ते नव्हते. रोज विचारत होते, पोरगं कधी येणार? तुला बोलावून घ्यायला मी लॅबमधून एक फोन करू शकले असते. केला नाही. तू कधी जाब विचारला नाहीस, मी कधी सांगितलं नाही. नंतर तू मुक्या जनावरांचा डॉक्टर झालास. का, ते विचारायचीही माझी हिंमत झाली नाही.

माफी मागायचं वळण माझ्या जिभेला नाही, तरी मागते. मात्र त्या बदल्यात तुला सूट मिळणार नाही. शनिवार, बावीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, पिंगीचे खरे दिवस किती. दोन, त्या आठ दिवसांबद्दल चौतीस वर्षं गिळून बसलास ते सगळं. शिव्या असतील तर शुद्ध लिही. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझीच,
बुटाकडे बघणारी आई