बटण लावणारे हात

ता. ९, रविवार

प्रिय भावजींस वहिनीचे मनापासून आशीर्वाद.

देवाच्या दयेने आम्ही दोघं बरी आहोत. माझा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, तुमच्या दादांचा कारखाना नेहमीसारखा. अर्धाच कागद घेतलाय, अक्षर बारीक काढते. चष्मा लावून वाचा.

तुम्ही दाराखालून सरकवून गेलात ते सिनेमाचे पास वाया जाऊ नयेत म्हणून गेलो. फुकटचं टाकवत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. तुम्ही वर मशीनजवळ, तुम्हाला खालचं काय दिसणार? म्हणून लिहिते.

मी पाहिलेत ते दोन-चारच सिनेमे. कुणी गेलं की बाई छाती पिटते, डोळे फिरवते, पलंगावर कोसळते आणि पडद्यापुढे बसलेला पेटी वाजवणारा दणादण वाजवतो. या दिग्दर्शकाचं काही निराळंच. मुलगी गेलेली. आई तिच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण लावायला बसते. तिचं तोंड दाखवतच नाही तो माणूस. नुसते हात, सुई, दोरा. पडद्यावर तिच्या बोलण्याची अक्षरंही नाहीत. वाजवणाराही थांबला. किती वेळ! मागून कुणी ओरडलं, "ओ ऑपरेटर, झोपलात का? रीळ अडकलंय!"

आणि तुमचे दादा उठून उभे राहिले हो.

"अडकलं नाही. दोरा ओवतेय ती. सुईत जात नाहीये तो, दिसत नाही का तुम्हाला?"

भावजी, आपली भिंगरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन कामावर गेले. डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतर तिचं नाव यांनी काढलं नाही, म्हणून मीही नाही. देवापुढे बसून विचारायची, असल्या दगडाशी माझी गाठ का बांधलीस? कोसळलं तरच दुःख, असं धरून चालले होते मी. यांच्या हातांकडे कधी बघितलंच नाही.

घरी येताना कोपऱ्यावर थांबून म्हणतात, "तिच्या बुटाच्या नाड्या मीच बांधायचो. तुला कुठे जमायच्या!"

"जमायच्या," मी म्हटलं, "पण तिला तुम्हीच लागायचात."

मग तिथेच रस्त्यात रडलो दोघं. लोक बघत होते. बघू देत.

त्या दिग्दर्शकाचं भलं कर, असं रोज देवाला सांगते. नाव वाचायचं राहिलं, म्हणून 'तो हळूहळू दाखवणारा' एवढंच म्हणते, देवाला कळतं. आणि लोक ओरडले तरी तुम्ही रीळ पुढे पळवलं नाहीत, हे तुमचे उपकार मी विसरायची नाही.

आमच्याकडे यायचं तुम्ही का टाळता, ते कळतं मला. येऊन बोलणार तरी काय? आता या. आलात की तिचं नाव खुशाल घ्या. तिच्या खोड्या कुणाला तरी सांगायला हे आसुसलेत.

तुमची ऋणी,
भिंगरीची आई