लिफ्ट नसलेलं कलोसियम

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. टॅला, डब्लिन.

अण्णा आले. वय सत्त्याहत्तर, बॅगेत सांगलीचं भडंग, चेहऱ्यावर थकवा शून्य. एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच विचारलं, गिऱ्या, रोमला कधी जायाचं?

वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. आयुष्य बांध आणि कालवे बांधून घेण्यात गेलं. त्यांच्या ऑफिसात सिमेंट कंपनीचं एक कॅलेंडर होतं, त्यावर कलोसियमचा फोटो. वर्ष संपलं तरी त्यांनी ते काढू दिलं नव्हतं. फोन केला की म्हणायचे, फोटोत दगुड कळत न्हाई रं. हात लावला की कळतो.

मी म्हटलं, झालंच म्हणून समजा. ऑक्टोबरात तुमच्या नातीला, ईशानीला मिडटर्मची सुट्टी आहे. तिला शाळेत रोमन इतिहासही आहे. चौघं जाऊ.

स्वप्नालीने विचारलं, अण्णांचा व्हिसा? म्हटलं, अगं ते युरोपात येऊन बसलेत, आता कसला व्हिसा. ती म्हणाली, एकदा चेक कर. म्हटलं, केलंय. (करायचं आहे.)

संकल्प: टूरचं नेतृत्व मीच करणार. गाइड फक्त नावाला.

२१ सप्टेंबर, रविवार.

सगळं बुक केलं. विमान, हॉटेल, कलोसियमची गाइडसह ग्रुप टूर. पैसे परत मिळणार नाहीत अशी तिकिटं घेतली. स्वस्त पडतात, आणि आपण काही रद्द करणाऱ्यातले नाही.

स्वप्नाली पुन्हा व्हिसावर. म्हणाली, अरे आपल्याला नाही का लागायचा इटलीला जायला, तीन-तीन आठवडे अपॉइंटमेंटसाठी थांबायचो. समजावून सांगितलं, ते इंडियन पासपोर्टवर. आता आपण युरोपियन आहोत. ती म्हणाली, आपण. अण्णा नव्हेत.

मी तिला शांतपणे म्हटलं, तू उत्तम डॉक्टर आहेस, तू पेशंट बघ. तिला हॉस्पिटलमध्ये फार ड्यूट्या असतात. त्यामुळे चिडचिड होते.

५ ऑक्टोबर, रविवार.

अण्णांनी रोमसाठी प्रॅक्टिस सुरू केली आहे. सकाळी पार्कला फेऱ्या, पावसातसुद्धा. दुपारी घरातला जिना चढउतार. शेजारच्या आयरिश काकूंना रोज सांगतात, आय ॲम गोइंग रोम. ती रोज म्हणते, आह, ग्रँड. दोघंही कंटाळत नाहीत.

मीही त्यांच्याबरोबर चालणार होतो. पण बूट ओले होते.

अभ्यास मात्र जोरात. रोमवरचे सात व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाचा पहिला भाग. सीझर पूर्ण क्लिअर झाला. चेरीवूडच्या ऑफिसात लंचला सगळ्यांना ग्लॅडिएटर समजावून सांगितले. लोक जरा लवकर उठले. सॉफ्टवेअरची रिलीज जवळ आली आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळ.

मंगळवारच्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन करायला बसलो. तिघांचं दोन मिनिटांत झालं. अण्णांचं अडकलं. वेबसाइट विचारते, शेंगेन व्हिसा आहे का.

अण्णांचा पासपोर्ट आणून पाहिला. व्हिसा आयर्लंडचा. पुन्हा पाहिला. आयर्लंडचाच.

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपात, नाही. हे मला बारा वर्षं माहीत आहे. मी स्वतः त्या रांगेत चारदा उभा राहिलो आहे. दोन वर्षांपूर्वी आयर्लंडचा लाल पासपोर्ट हातात आला आणि ती रांग जगातून नाहीशी झाली, अशी माझी समजूत झाली. कोणाचीही होईल.

थोड्या वेळाने: आता इथून व्हिसा मिळत नाही. टूरिस्ट म्हणून आलेल्याने तो मायदेशातूनच घेऊन यायचा असतो. म्हणजे सप्टेंबरच्या आधी. म्हणजे चेक करायला हवं होतं.

आणखी थोड्या वेळाने: दोष व्यवस्थेचा आहे. एक युरोप आणि दोन व्हिसा, याला काय अर्थ आहे. सडेतोड ईमेल लिहिणार.

खालून अण्णांनी हाक मारली. बुटांना पॉलिश करत होते. विचारलं, रोमला स्वेटर जाड घिऊ का पातळ?

म्हटलं, पातळ.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

रात्रभर विचार करून ठरवलं, खरं सांगायचं. सकाळी आणखी विचार केला. या वयात धक्का बरा नाही. बीपी असतं. म्हणून त्यांच्या तब्येतीसाठी थोडं वेगळं सांगितलं.

म्हटलं, अण्णा, कलोसियमच्या पायऱ्या फार उंच आहेत हो. दोन हजार वर्षांच्या. लिफ्ट वगैरे काही नाही. स्वप्नालीनेच सांगितलं, डॉक्टर म्हणून, की तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

स्वप्नाली तेव्हा ड्यूटीवर होती.

अण्णांनी विचारलं, स्वप्नाली म्हणाली? म्हटलं, हो. ते आपल्या गुडघ्यांकडे जरा वेळ बघत राहिले, खोटी सही करताना सापडलेल्या जुन्या कारकुनाकडे बघावं तसे. मग म्हणाले, डॉक्टरीण म्हणती म्हंजी बरूबरच असंल. पॉलिश केलेले बूट उचलले आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये ठेवले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आता अण्णाही म्हणतात.

एकूण चांगलं हाताळलं.

संध्याकाळ: स्वप्नालीला सगळं सांगावं लागलं. ती आमटी ढवळत होती. बराच वेळ ढवळत राहिली. मग म्हणाली, मी येत नाही, अण्णांजवळ थांबते. आणि तू त्यांना खरं सांग. म्हटलं, सांगतो ना, रोमहून आल्यावर, चांगला मूड बघून. ती म्हणाली, कोणाचा?

मी म्हटलं, मग मीही नाही जात. मनापासून म्हटलं. अण्णांनी ऐकून घेतलं नाही. म्हणाले, पोरीचं वाया घालवू नगंस, जावा तुम्ही दोघं. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार होतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. रोम.

पोचलो. हवा छान.

एक कल्पना सुचली, आणि मन एकदम हलकं झालं. उद्या अण्णांना व्हिडिओ कॉलवर अख्खं कलोसियम दाखवणार. चालणं नाही, ऊन नाही, हातात चहा. तसं पाहिलं तर प्रत्यक्ष येण्यापेक्षा हेच बरं.

ईशानीला सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, मग आपण तरी कशाला आलो?

चौदाव्या वर्षी मुलं अशीच बोलतात.

२९ ऑक्टोबर, बुधवार. रोम, दुपारी. कलोसियमसमोर कट्ट्यावर.

ईशानी पलीकडच्या कट्ट्यावर बसली आहे. स्वतःहून.

जे झालं ते क्रमाने लिहितो. नंतर दिसेल की माझी चूक कमी होती.

गाइडचं नाव ओर्नेला. बुटकीशी बाई, हातात पिवळी छत्री. प्रत्येकाच्या कानात इअरफोन, त्यात तिचा आवाज. ग्रुपमध्ये आमच्यासारखीच आयर्लंडहून आलेली माणसं बरीच. लेटरकेनीच्या एक आजी होत्या, नूला नावाच्या, ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन चालणाऱ्या. मी टॅलाचा म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला की जणू मी त्यांचा भाचा.

कॉल लावला. अण्णा टॅब्लेटसमोर बसलेले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. मागे स्वप्नाली.

मी कॉमेंट्री सुरू केली. गर्दी होती म्हणून आवाज मोठा. म्हटलं, अण्णा, हे बघा, इथे सीझर बसायचा. ईशानी म्हणाली, बाबा, हे बांधलं तेव्हा सीझर मरून शंभर वर्षं झाली होती. मी अण्णांना सांगितलं, हा दुसरा सीझर.

कानात ओर्नेला म्हणाली, फोनवाले सद्गृहस्थ, प्लीज. कोण ते, म्हणून मी मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी थोडा मागे थांबलो, अण्णांना दगड जवळून दाखवायला. हात लावला. अण्णांनी विचारलं, कसा लागतोय? म्हटलं, गार. त्यांनी विचारलं, खरबरीत का गुळगुळीत? सांध्यात नख जातंय का बघ. मी म्हटलं, मीडियम आहे. ते पुढे काही विचारणार होते, पण मी मान वर केली तर पिवळी छत्री गायब.

पुढे एक पिवळी छत्री दिसली, तिच्यामागे गेलो. तिथे कोणीतरी बहुधा पोर्तुगीजमध्ये बोलत होतं. मी समजल्यासारखी मान हलवत राहिलो. शेवटी त्या गाइडने माणसं मोजली. एक जास्त भरला. मी.

माझा ग्रुप वरच्या मजल्यावर सापडला. ईशानी म्हणाली, आय ॲम स्कार्लेट फॉर यू, बाबा. म्हणजे तुमच्या वतीने मला लाज वाटते. इथल्या पोरांकडे यासाठी खास वाक्य आहे. कॉल चालूच होता.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या शेजारी भिंतीतला एक दरवाजा सरकला आणि वॉकरसकट नूलाआजी बाहेर आल्या. थेट कॅमेऱ्यात. फोनमध्ये अण्णा दिसले तशी त्यांनी हात हलवला. अण्णांनी त्यांच्या ऑफिसच्या इंग्रजीत विचारलं, गुड मॉर्निंग मॅडम, हाऊ यू केम अप? आजी म्हणाल्या, लिफ्टने, लव्ह. अगदी ग्रँड लिफ्ट आहे.

अण्णांनी हाक मारली, गिऱ्या.

मी तेवढ्यात सुचलं ते केलं. नेटवर्क गेल्यासारखा थांबलो. तोंड अर्धं उघडं, पापणी हलवायची नाही, श्वाससुद्धा नाही. जमलं होतं.

पण माझ्या खांद्यामागे नूलाआजी अजून हात हलवत होत्या. एक कबूतर उडालं. ओर्नेलाची छत्री इकडून तिकडे गेली. ईशानीने तोंड फिरवलं.

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. मग सावकाश म्हणाले, मागं समदी हलाय लागल्यात लेका. तूच तेवढा थांबलाईस.

आणि त्यांनीच कॉल बंद केला. मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. पुन्हा लावतील म्हणून.

२९ ऑक्टोबर. संध्याकाळ.

खुलासे तयार करतो आहे. एक: लिफ्ट फक्त युरोपियन नागरिकांसाठी आहे. दोन: लिफ्ट कालच बसवली. दुसरा बरा वाटतो.

ईशानीने विचारलं, आजोबांच्या गुडघ्यांचं खरंच आई म्हणाली होती का? मी म्हटलं, पिझ्झा गार होतोय. ती म्हणाली, ते उत्तर झालं. आणि पिझ्झा खाल्ला नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. टॅला.

घरी. हॅलोविन. दारात भुतं आणि चेटकिणी येत होत्या आणि अण्णा त्यांना चॉकलेटांबरोबर मूठ मूठ भडंग वाटत होते. आम्हाला बघून म्हणाले, झ्याक झालं न्हवं समदं? ईशानीला जवळ घेतलं. लिफ्टचं नाव नाही.

विसरले असावेत. वयोमान. मग मुद्दाम आठवण करून दुखवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. अण्णा लंगडत आहेत. जिन्यावर कठडा धरतात. म्हणजे गुडघे खरंच बिघडलेत! मी जे म्हणालो ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच निघालं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

हे स्वप्नालीला सांगितलं. जरा विजयाने सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, गेल्या शनिवारी मी ड्यूटीवरून आले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. विचारलं, पोरी, माझ्या गुडघ्याचं तू बोललीस का? मी म्हटलं, नाही अण्णा. ते म्हणाले, व्हिसावर नुसतं आयर्लंडच लिवलंय, मलाबी वाचाय येतंय की. पण गिऱ्याला बोलू नगंस मी इचारलंय म्हणून. स्वप्नाली पुढे म्हणाली, तरी मी बोलते आहे, कारण माझ्याच्याने आता बघवत नाही.

म्हणजे अण्णांना आधीपासून माहीत होतं. तो कॉल आला तेव्हाही. शर्टाला इस्त्री केली तेव्हाही.

मी म्हटलं, मग लंगडतात कशाला?

स्वप्नालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी डायरी घेऊन बाहेरच्या खोलीत आलो.

संकल्प: उद्या चहाच्या वेळी सगळं सांगायचं. पहिलं वाक्य ठरलं आहे. अण्णा, माझं चुकलं.

२ नोव्हेंबर, रविवार.

चहा घेऊन वर गेलो. अण्णांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते सांगलीला फोनवर बोलत होते, त्यांचे जुने दोस्त शामराव. स्पीकर चालू. शामरावांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. काय रं, झालं का तुजं रोम? का पोरानं न्हेलंच न्हाई? मोठा सायब, बापाला कशाला न्हेतोय!

अण्णा म्हणाले, गप ए. तिकीट काढून बसलंतं बिचारं. माझ्याच गुडघ्यांनी दगा दिला. लई हळहळलं पोरगं. तितनं फोन लावून दगडाला हात लावून दावला मला.

शामराव म्हणाले, नशीबवान हाईस.

अण्णा म्हणाले, व्हय तर.

फोन ठेवून ते ताठ उठले, दोन पावलं झपझप टाकली आणि दारात मी दिसलो. तिसऱ्या पावलाला लंगडले.

माझ्या तोंडातून पहिलं वाक्य आलं नाही. मी विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, जरा.

खाली जाऊन प्रेसमधून बामची बाटली आणली. अण्णांना पलंगावर बसवलं. खाली बसलो आणि विचारलं, कुठला दुखतोय?

अण्णा थोडा विचार करून म्हणाले, तुला कुठला सोयीचा पडतोय त्यो.

दोन्हींना चोळलं.