मिठाच्या पाण्यातला खिळा

९ जुलै, मंगळवार

परवेझने आज गजांचं दार बसवलं. कडी बाहेरून, कुलूप बाहेरून, किल्ली त्याच्या खिशात. "अफ्रीन येईपर्यंतच, अम्मी." सून बाळंतपणाला कोपरगावला माहेरी गेली आहे. म्हणजे दिवाळी तरी होणार!

मागच्या आठवड्यात बाजारात चक्कर आली, एका दुकानाच्या पायरीवर बसले – एवढंच. कुणीतरी त्याला फोन केला. सुप्याच्या कंपनीतलं काम टाकून धावत आला. तेव्हापासून पोराच्या डोळ्यांतली भीती जात नाही. म्हणून मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

११ जुलै

शेजारची छबूबाई दाराशी आली. "काय वो शरिफाभाबी, वाघीन पाळलीय जनू तुमच्या पोरानं." मीही हसले. ती गेल्यावर दोन गज धरून उभी राहिले. रस्त्यावर गुरुवारच्या बाजाराची भाजी चालली होती. कोवळी मेथी होती. पिशवी खुंटीवरच.

१५ जुलै

दिलावर असते तर हे दार बघून नाक मुरडलं असतं. वेल्डिंगवर नीट रंगसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर ओतकामाची भट्टी चालवली. लग्न होऊन आले तेव्हा मला कॉन्व्हेंटचं इंग्रजी येत होतं आणि लोखंड म्हणजे लोखंड, एवढंच ठाऊक होतं. त्यांनी शिकवलं. भट्टीत कोक आणि भंगार थरावर थर, वर चुनखडी. खालून केशरी रस येतो, तो वाळूच्या साच्यात. ते बीड – कडक, पण हातोडा बसला की मडक्यासारखं फुटणार. त्यातला जास्तीचा कार्बन जाळला की पोलाद. आणि जुन्या काळचं घडीव – ठोकून ठोकून मळ बाहेर काढलेलं. ते वाकतं, तुटत नाही. "तू घडीव आहेस," म्हणायचे.

भंगार घेताना ते गंज नखाने खरवडायचे आणि चक्क जिभेला लावायचे. खारट लागला की टेम्पो परत. "समुद्रावरचा माल आहे. आतून गेलाय." परवेझ लहानपणी त्यांचं बघून दिसेल तो खिळा चाटायचा. किती मारलं असेल मी त्याला!

१६ जुलै

रात्रभर शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा डोळ्यांसमोर. नववीचा वर्ग, खिडकीत चार काचनळ्या, प्रत्येकीत एक खिळा. एक कोरडा. एक साध्या पाण्यात. एक उकळलेल्या पाण्यात, वर तेलाचा थर – हवा जाऊ नये म्हणून. एक मिठाच्या पाण्यात. तो सगळ्यांच्या आधी लाल झाला. "मिठाला धीर नसतो, गर्ल्स," सिस्टर म्हणाल्या.

दुपारी वाटीत मीठ विरघळवलं. गजांतून हात घालून कडीला चोळलं, बिजागऱ्यांना चोळलं. मग स्वतःची लाज वाटली. वाटी धुऊन ठेवली. संध्याकाळी पुन्हा काढली.

२ ऑगस्ट

कडीवरचा रंग पापडीसारखा सुटलाय. खाली तांबडी पूड. परवेझ चिडला – "नवीन दार आणि हे बघ! पेंटरने फसवलं." मी म्हटलं, हवाच दमट आहे.

दिवाळीच्या आत गंज कडी खाऊन टाकेल. मग मी बाजारात जाईन, मेथी घेईन, आणि तो यायच्या आत घरी. बस्स.

१० ऑगस्ट

कुणाशी बोलले नाही आज. बरणीतलं मीठ बरंच खाली गेलंय.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

परवेझ कामावरून आला. कुलूप निघालं, कडी सरकेना. दगडाने ठोकली. तेल सोडलं. तशीच. एवढी वर्षं भट्टीवाल्याच्या घरात काढली आणि विसरले – गंज खातो ते नंतर, आधी तो फुगतो. जिथे असेल तिथे धरून बसतो.

मग तो बाहेर पायरीवर, मी आत पाटावर. स्टीलचा पेला गजांतून कसाबसा निघाला, त्यातून त्याला चहा दिला. छबूबाई तिच्या ओट्यावरून म्हणाली, "आता वाघीन आत आन् बछडं भायेर. लई भारी केलंस रं परवेझ." तो हसला नाही. हळूच म्हणाला, "आत तुला काही झालं असतं तर, अम्मी? मी असाच बसून राहिलो असतो."

मग कडीकडे बघत राहिला. नखाने गंज खरवडला. जिभेला लावला.

माझ्याकडे बघितलं. मी पाटाकडे.

उठून कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून आणलं. ग्राइंडरच्या ठिणग्या पार घरात आल्या.

२४ ऑगस्ट, शनिवार

दाराला नवी कडी लागली. आतल्या बाजूने.

डबा घेऊन निघाला तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मीठ संपलंय रे.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बाजारातून तूच आण, अम्मी."