हळदकुंकू लावलेली गोळ्यांची पट्टी

मास्तर,

तुमची तब्येत कशी आहे? काकूंच्या गुडघ्यांना उतार पडला का? आणि दुकानाच्या जिन्याखाली बसणारे घड्याळवाले आजोबा, त्यांचा खोकला गेला, की तिकडेही दर पाच मिनिटांनी खोकून वेळ सांगतात? तुम्हाला जाऊन सोळा वर्षं होत आली, काकू तुमच्या मागोमाग आल्या आणि घड्याळवाले तर तुमच्या आधीच पोचले होते, तेव्हा ही विचारपूस कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण पत्रात आधी दुसऱ्याची तब्येत आणि मग आपलं रडगाणं, ही शिस्त तुमचीच. गावाकडे पत्र लिहिताना मी एकदा सरळ स्वतःच्या तापापासून सुरुवात केली, तर तुम्ही ते फाडून पुन्हा लिहायला लावलं होतंत. तर आमच्याकडे ही बरी आहे, मुलगा बरा आहे, सूनबाई बऱ्या आहेत. मी तेवढा मूर्ख निघालो. आता ऐका.

बुधवार पेठेतलं आपलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी दोन वर्षांपूर्वी बंद केलं. तुमच्याच काळात लोक दुरुस्तीला कंटाळायला लागले होते, आता तर टीव्ही भिंतीवर कॅलेंडरासारखे टांगतात आणि बिघडला की नवा आणतात. जरा उघडून बघू का म्हटलं, तर मी त्यांच्या आजीची चिरफाड करायला निघाल्यासारखं माझ्याकडे बघतात. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याने वाघोलीला सातव्या मजल्यावर घर घेतलं आणि कसब्यातल्या दोन खोल्या सोडून आम्ही तिकडे गेलो. हवा भरपूर, पाणी टँकरचं, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. तिथे मला काहीतरी झालं. अन्न नको, पेपर नको, आंघोळ म्हणजे डोंगर. एके दिवशी सूनबाईंचा मिक्सर उघडला आणि परत जोडताना कुठला स्क्रू कुठे, ते आठवेना. त्या उघड्या मिक्सरसमोर बसून मी रडलो, मास्तर. सूनबाईंनी एक शब्द बोलून न दाखवता मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई सूनबाईंच्याच वयाच्या. रोज एक गोळी दिली. दोन महिन्यांत मी पुन्हा पेपरातल्या चुका काढायला लागलो, म्हणजे बरा झालो, असं ही सगळ्यांना सांगत सुटली.

मग दसरा आला. दुकान नाही, पण हत्यारांची पूजा मी सोडलेली नाही. पाटावर मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि टोक जळालेला तुमचा तो स्क्रू ड्रायव्हर मांडला. झेंडू वाहिला. खिशात गोळ्यांची पट्टी होती. मला वाटलं, ही पण आपलं हत्यारच. हिने काम चोख केलं, आता हिला मानाने निवृत्त करू. ठेवली पाटावर, लावलं हळदकुंकू, केला नमस्कार. दुसऱ्या दिवशी हत्यारं उचलून पेटीत ठेवली, त्यांच्याबरोबर पट्टीही. ना डॉक्टरांना विचारलं, ना हिला सांगितलं. सेट वाजतोय तर दुरुस्तीवाला घरात कशाला बसवून ठेवायचा, असा माझा हिशेब.

तिसऱ्या दिवसापासून सेट असा वाजायला लागला की विचारू नका. मान वळवली की डोक्यात करंट. अगदी खरा करंट, मास्तर; मी आयुष्यभर शॉक खाल्लेत, मला चव माहीत आहे. डोळे डावीकडून उजवीकडे नेले की आत झर्रकन काहीतरी सरकायचं आणि डोकं मागून पोचायचं. जमीन बोटीसारखी हलायची. तोंडाला पाणी सुटून मळमळायचं, घामाने बनियन भिजायचा, पहाटे अशी स्वप्नं पडायची की उठल्यावर त्यांच्याशीच भांडण चालू. आणि राग! लिफ्टवर राग, टँकरवर राग, कढीपत्त्यावर राग. मला वाटलं, हा अर्धांगाचा झटका येतोय. मग वाटलं, नाही, तो जुना आजारच परत आला आणि आता आपण कायमचे असेच. पण बोलायचं कुणाशी? बोललो असतो तर पट्टीचं बाहेर आलं असतं. सल्ले देणाऱ्यांना मात्र सांगावं लागत नाही, ते वासावर येतात. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पित्त आहे, कोकम घ्या." खालचे म्हणाले, "मान आहे, पट्टा लावा." घेतलं कोकम, लावला पट्टा. पट्टा लावून आंबट ढेकर देत चार दिवस बसलो.

आठव्या दिवशी सकाळी चहात साखर कमी पडली, एवढंच. मी कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले, आणि हिला नको ते बोललो. काय बोललो ते तुम्हालाही लिहवत नाही. सदतीस वर्षांत तसं बोललो नव्हतो. ही रडली नाही, ओरडली नाही. बशीचे तुकडे पेपरात गुंडाळले, पिशवी भरली आणि म्हणाली, "मी कसब्यात बहिणीकडे जाते. तुमचं आटोपलं की निरोप पाठवा. आणि साखर वरच्या फळीवर आहे." झालं. दार लागलं. त्या आवाजानेसुद्धा डोक्यात करंट मारला.

दुपारी सूनबाई घरूनच काम करत होत्या. पंख्याचं बटण सैल झालं म्हणून त्यांनी माझी पेटी उघडली आणि ती पट्टी हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, या स्ट्रिपला हळदकुंकू का लावलंय?"

मी मानेचा पट्टा नीट करायला घेतला.

"आणि यात सगळ्या गोळ्या तशाच कशा? तुम्ही गोळ्या स्टॉप केल्यात?"

"मानाने निवृत्त केल्या," मी म्हणालो.

त्यांना हसू आलं आणि त्यांचे डोळेही भरले, दोन्ही एकदम. म्हणाल्या, "बाबा, मिक्सर बिघडला तर मी तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही. एवढं तरी करायचंत."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. मी म्हटलं, "आजार परत आला वाटतं." त्या म्हणाल्या, "आजार नाही, काका. ही गोळी अचानक बंद केली की कित्येकांना असंच होतं. शरीर त्या गोळीच्या हिशेबाने चालायला लागलेलं असतं, त्याला उतरायला वेळ द्यावा लागतो." मी म्हटलं, "म्हणजे व्यसनच लागलं म्हणायचं." त्यांनी चष्मा काढला. "व्यसनी माणूस गोळीच्या मागे धावतो. तुम्ही तर तिची पूजा करून बंद पेटीत ठेवलीत. बंद करायची होती तर मीच बंद करून दिली असती, पण पायरी पायरीने, काही महिने घेऊन. सातव्या मजल्यावरून जिन्यानेही खाली येता येतं ना?" शुद्ध पुणेरी पाणउतारा. गोळी परत सुरू झाली. चार-पाच दिवसांत जमीन जागेवर आली. आता मी म्हणेन तेव्हा नव्हे, त्या म्हणतील तेव्हा आणि त्या म्हणतील तितकीच कमी होईल.

मास्तर, मला कुणाचा राग आला असेल तर तो माझा. कारण हे मला शिकवलेलं होतं. वीस वर्षांचा होतो, गिऱ्हाइकासमोर मिजास दाखवायची होती. टीव्हीची वायर काढली की आतला मोठा कंडेन्सर तरीही वीज धरून बसतो; तो बल्ब लावून हळूहळू उतरवायचा असतो. मी सरळ स्क्रू ड्रायव्हर आडवा घातला. धाडकन ठिणगी उडाली, टोक जळालं, गिऱ्हाईक जिन्यावर. तुम्ही हात उगारला नाही. दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात, "हा तुला. जन्मभर जवळ ठेव. वायर काढली म्हणजे आतलं निवलं असं नसतं." चाळीस वर्षं जवळ ठेवला. दसऱ्याला पाटावर त्याच्याच शेजारी ती पट्टी मांडली, स्वतःच्या हातांनी. आता सांगा, मला काय म्हणावं?

हिला आणायला मी बसने कसब्यात गेलो. मेव्हणीच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं, पट्टीसकट. ही म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही मला कंटाळलात." एवढंच. माझ्या रागाचे ते सगळे दिवस ती मनात हे घेऊन माझ्यासाठी पोळ्या लाटत होती. येताना नवी बशी घेतली. दिवाळी घरी झाली.

हे सगळं तुम्हालाच का लिहितोय, तर एक सांगायचं राहिलं आहे. शेवटच्या वर्षांत दुकानात येणं कमी झालं, तुम्ही बंद सेटसमोर तासन् तास बसायचात, आणि काकूंनी तुम्हाला कुठल्याशा डॉक्टरांकडे नेलं होतं. तुमच्या खिशात तशीच पट्टी बघून मीच म्हणालो होतो, "मास्तर, तुमच्यासारख्याला या गोळ्या कशाला? द्या टाकून." तुम्ही माझं ऐकलंत. आठवड्याने म्हणालात, "अरे, मान वळवली की डोक्यात करंट मारतो." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मास्तर, अर्थिंग तपासून घ्या." दुकान हसलं. तुम्हीही हसलात. पण हसताना तुम्ही आमच्याकडे वळला नाहीत, भिंतीकडे बघूनच हसलात, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी, माझी स्वतःची मान ताठ धरून बसलो असताना आठवलं.

पाकीट आणलेलं नाही. पत्ता लिहायचा तर आपल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. हे पत्र पेटीत, स्क्रू ड्रायव्हरखाली ठेवतोय. ते दिवस तुम्ही कसे काढलेत, कुणाला सांगितलंत की नाही, एवढं कळवा. रागावला असाल तर तसं लिहा, पण दोन दिवस अबोला नको. उत्तर लवकर पाठवा.