कॅम्परचा ओटा

४ मे २०२५
कॅम्पर, म्हणजे कारमागे ओढायची चाकांवरची खोली, पोर्चमध्ये जवळपास तयार. चाकं, पत्रा, दार, सगळं मी स्वतः केलं. आता फक्त ओटा आणि त्यावर सनमायका. दोन दिवसांचं काम. शामला पुण्याहून आली की पहिली ट्रिप रामटेक. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बाळ आता चालायला लागलंय, म्हणजे येणारच. कॅम्पर ओढायला कार बघावी लागेल. स्कूटरनं जमणार नाही. ती दुय्यम बाब.

५ मे
इतवारीच्या बाजारात सनमायका बघितला. दुकानदार म्हणाला, वहिनीले घेऊन या ना साहेब, ओटा त्यायचाच राहते. मी ठणकावलं, आमच्याकडे निर्णय मी घेतो. मग बाहेर येऊन शामलाला फोटो पाठवले.

६ मे
तिचं उत्तर आलं: सगळेच छान आहेत. बाळाचा फोटो. बस्स. शेवटी पिवळा घेतला. हळदीचे डाग पडणारच, तर आधीच पिवळा असलेला बरा. इतका दूरचा विचार लोक करत नाहीत.

८ मे, सकाळ
ओटा शामलाच्या उंचीप्रमाणे हवा. ती माझ्या खांद्याला लागते. लागते ना? खात्रीसाठी लग्नाचा अल्बम काढला. फोटोत तिला दोन पाटांवर उभं केलंय. बराच वेळ बघत बसलो. मग घरातलाच ओटा मोजला. ते मला आधीच सुचलं होतं.

९ मे, दुपार
बाहेर आग. शेजारचा रुपराव म्हणाला, काहून मरून राहिला गा उन्हात, संध्याकाळी कर. मी ऐकतो होय? सनमायका चिकटवायचं सोल्युशन दोन्हीकडे लावून वाळू द्यायचं आणि मग दाबायचं. कॅम्परच्या दारात कूलर लावला. गार वारा, जोरदार फेक, झटपट वाळणार. शुद्ध सायन्स.

१० मे
सनमायक्याला मधोमध फुगा. किरकोळ आहे. रुपराव खो खो हसला. म्हणाला, सोल्युशन काय कूलरनं वाळवतेत का गा, पाणी फेकून राहिला ना तो. मी म्हटलं, टेस्टिंग होतं. फुग्यावर पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, शेवटी मीच चढून बसलो. पेपर वाचला. तिथून खिडकीतून रस्ता छान दिसतो. ती बाजू शामलाला देईन.

११ मे
शामलाचा फोन. लेकीचं ऑफिस सुरू झालं, पाळणाघर पटत नाही. म्हणाली, दिवाळीनंतर बघू जी. तुम्हीच या ना इकडे. मी म्हटलं, मला वेळ कुठे, ओटा अर्धवट आहे. वेळेवर जेवता ना, असं तिनं दोनदा विचारलं. हो म्हटलं.
फोन ठेवल्यावर रडू आलं. कूलर फुल स्पीडवर होता, शेजारी आवाज गेला नसणार.

१२ मे
उन्हाळ्यात ट्रिप काढणं मूर्खपणाच होता. दिवाळीनंतर हवा चांगली असते. तोवर सनमायका बदलीन, कारही घेईन.
आज कॅम्परमध्येच जेवलो. ओट्यावर दोन ताटं मावतात का ते बघितलं. फुग्याच्या दोन बाजूंना नीट मावतात. एकातच वाढून घेतलं. ओटा अगदी लेव्हलमध्ये आहे, वाटीतलं वरण जरासुद्धा हललं नाही. कॅम्पर पोर्चमध्येच उभा असल्यामुळे असेल.