एल्याकीमची किल्ली आणि माझा खांदा

७ फेब्रुवारी, शनिवार
चर्चचं दार चाळीस मिनिटं उशिरा उघडलं. नवरी पायरीवर ताटकळत. किल्ल्या माझ्याकडे आणि मी न्हाव्याकडे. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. (चौथ्यांदा. पण आधीच्या तिन्ही वेळा पाऊस होता.) चूक नवरीची. वेळेवर येणारी नवरी मी आजवर पाहिलेली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
नवे फादर म्हणाले, काका, किल्ल्या आता नर्सबाईंकडे द्या, त्यांचं घर चर्चला लागूनच आहे, तुम्ही थकलात. मी थकलो? जिन्यात थांबतो तो विचार करायला. महिनाअखेरीपर्यंत मुदत मागून घेतली.
जेवण गेलं नाही. किल्ल्या गेल्या तर मी कोण? इथे माझं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. सगळे किल्लीवाले काका म्हणतात.

१० फेब्रुवारी, सकाळी ७
सापडलं! जुना करार, यशया, अध्याय बावीस, ओळ वीसपासून. यहूदाच्या राजवाड्याचा कारभारी एल्याकीम. देव म्हणतो, दावीद राजाच्या घराण्याची किल्ली मी याच्या खांद्यावर ठेवीन. हा उघडेल ते कोणी बंद करणार नाही. पुढे येशूने पेत्राला, म्हणजे पहिल्या पोपला, स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या त्या याच थाटात. ऐकणारे सगळे यहुदी, त्यांना लगेच उमगलं असणार की राजाने कारभारी नेमला. पोपच्या गादीचं मूळ हे असं राजवाड्यात आहे!
म्हणजे किल्ली देव देतो. फादर कोण काढून घेणारे?
ठरलं. २२ तारखेला रविवारच्या मिस्सा प्रार्थनेनंतर हॉलमध्ये व्याख्यान. फादर आनंदाने हो म्हणाले. बिचाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.
संकल्प: अख्खा अध्याय रोज वाचणे.

१३ फेब्रुवारी
वाचन राहिलं. चष्म्याची काडी मोडली. तशी पहिल्या एकोणीस ओळींत प्रस्तावनाच असणार, सगळ्या पुस्तकांत असते.
कबरस्तानात फाटकाजवळची जागा मी माझ्या कबरीसाठी धरून ठेवली आहेच. आज दगड कोरणाऱ्याला सांगितलं, वर मोठी किल्ली कोर. बायको म्हणाली, तिथे किल्ली कशाला, तुम्हाला जिवंतपणी घराची सापडत नाही. दुर्लक्ष केलं.

१८ फेब्रुवारी
दगड आला. फाटकाला टेकवून ठेवलाय. जाणारे-येणारे थांबून बघतात. मान आहे.
नर्सबाई विचारत होत्या, कुठली किल्ली कशाची ते चिठ्ठी लावून द्याल का. म्हटलं, चिठ्ठी कशाला, माझ्या बोटांना माहीत आहे. नंतर तळघर उघडायला गेलो. अकरावी किल्ली लागली.
खरं सांगायचं तर आता बोटांना आठवत नाही. फार भीती वाटते. हे पान फाडायचं.

२१ फेब्रुवारी
पान फाडलं नाही. मागच्या बाजूला व्याख्यानाचे मुद्दे आहेत.
फादर उद्या सगळ्यांसमोर माफी मागतील. मी मोठ्या मनाने माफ करीन.

२२ फेब्रुवारी, रविवार
हॉल भरलेला. एल्याकीमवर टाळ्या. पेत्रावर टाळ्या. मग नर्सबाई उठल्या. स्वतःचं बायबल घेऊन आलेल्या. विचारलं, काका, एल्याकीमच्या आधी किल्ली कोणाकडे होती?
मी म्हटलं, प्रस्तावनेत असेल.
त्यांनी पंधराव्या ओळीपासून वाचलं. आधीचा कारभारी शेबना. देव त्याला विचारतो, तू इथे स्वतःसाठी कबर का कोरून घेतोस? आणि त्याला हाकलून देतो. म्हणून एल्याकीम.
 मागच्या बाकावरून एक जण खिडकीतून कबरस्तानाच्या फाटकाकडे, माझ्या दगडाकडे बघून हसला. मग सगळेच.
फादर हसले नाहीत. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, काका, व्याख्यान उत्तम झालं, मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. जागा टिकते, माणूस बदलतो, म्हणून तर पेत्रानंतरही गादी चालू राहिली.
मी कोटाच्या खिशातून जुडगा काढला. नर्सबाईंनी दोन्ही हातांनी घेतला. जड आहे हो, म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी
दगडवाल्याला विचारलं, किल्ली खोडता येईल का? म्हणाला, दगड पातळ होईल, फार तर वर फूल कोरतो.
बायकोने न विचारता चहा दिला.  एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१ मार्च, रविवार
नर्सबाई साडेसहाला दार उघडतात. मी सहालाच पायरीवर जाऊन उभा राहिलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेळेआधी पोचलो.
दार बंद होतं.